एक खाच पाणी

बाळू, उतरली रे! काकडी समुद्रात उतरली!

काल सकाळी, डहाणूच्या पुढच्या त्याच वाळूवर, पाणी नुकतं चढायला लागलं तेव्हा. तू म्हणायचास तस्संच, तू म्हणायचास त्याच वेळेला. आणि पुढच्या जागेवर कोण बसलं होतं सांगू? तुझी अक्का, माझी सुनंदा. ड्रेसच्या बाह्या कोपराच्या वर, डोक्याला फडकं, अंगात तुझं ते नारिंगी जाकीट. पहिली लाट तिच्या तोंडावर फुटली आणि ती एवढ्या मोठ्यानं ओरडली, "अहो, खारट हाय!" पन्नाशीच्या बाईला समुद्र खारट असतो हे काय ठाऊक नव्हतं? पण ठाऊक असणं वेगळं आणि नाकातोंडात जाणं वेगळं. मी मागच्या जागेवर खो खो हसत होतो. तू गेलास त्याला तेवीस दिवस झाले, त्यात पहिल्यांदा हसलो.

आता शिक्रापूरला घरी बसून हे लिहितोय. बाहेर हायवेवर ट्रकांची रांग लागलीय, हॉर्न चाललेत, आणि माझ्या कानात मात्र लाटा वाजतायत. दंड ठणकतायत. हे सगळं सांगायला तुला फोन लावावा म्हणून सकाळपासून दोनदा हात खिशाकडं गेला. दोन्ही वेळा तसाच परत आला. म्हणून लिहितो. मी बोलणारा माणूस नाही. तूच म्हणायचास, "दाजींच्या तोंडाला कुलूप हाय आन् किल्ली अक्काकडं." तर ते कुलूप काल उघडलं. आणि जे बाहेर पडलं ते तुझ्याइतकंच तुझ्या राहू गावच्या बंधाऱ्यावर बसून तुला हसणाऱ्या सगळ्यांनी वाचावं, असं मला वाटतं.

पहिल्यापासून सांगतो. तुला सगळं माहीत आहे, त्यांना नाही.

तुझा फोन आला तेव्हा मी कारखान्यात होतो. आम्ही तिथं फायबरच्या टाक्या आणि ट्रकची बॉनेटं बनवतो, त्या वासानं माझं डोकं कायम जड असतं. आणि तू ओरडत होतास.

"दाजी, यवतला भंगारात एक होडी हाय!"

"कसली होडी?"

"लांब हाय. दोन माणसं पुढंमागं बसत्यात. काकडीवानी. समुद्रातली हाय म्हणतोय भंगारवाला."

"फुटली असेल."

"फुटलीय म्हणून तर तुम्हाला फोन केला. धड असती तर तुमचं काय काम व्हतं?"

खरं होतं. तिला तळाला हातभर चीर होती. कुणीतरी हौशी लोकांनी वापरून टाकलेला, कयाक म्हणतात तो प्रकार. तुझ्या कांदे साठवायच्या चाळीत ती पालथी घालून मी चार रविवार तिच्यावर बसलो. फायबरची जाळी, वर राळ, पुन्हा जाळी. तुझ्या कोंबड्या वासानं शिंकायच्या आणि तू पोट धरून हसायचास. आप्पा लांबूनच विचारायचे, "काकडी पिकली का न्हाई अजून?" तुझे वडील, माझे सासरे. नाव त्यांनीच पाडलं. काकडी.

नदी तुझी होती. मी शिरूरकडच्या कोरड्या गावचा, मला विहिरीत पोहायला पण तिशीत तूच शिकवलंस. राहूत कुणाच्याही मोटरच्या पाइपाचं पाण्यातलं तोंड, फुटवॉल, जलपर्णीत अडकलं की बाळूला बोलवा. धरणाचं पाणी सुटलं की किती चढंल, बंधाऱ्यावरनं गाडी न्यावी का थांबावं, बाळूला विचारा. आणि तुला कुणी विचारलं की तू काठीला विचारायचास. ती तुझी बांबूची काठी, छातीइतकी उंच, चार चार बोटांवर विळ्यानं पाडलेल्या खाचा, आणि वरच्या टोकाला जळालेल्या मोटरमधली तांब्याची तार गुंडाळलेली, लांबून चमकावी म्हणून. पाण्याच्या कडेला ती रोवायची, मग बसून तंबाखू मळायची. तंबाखू मळून होईस्तोवर पाणी खाचेला लागलं तर चढतंय, खाली गेलं तर उतरतंय. त्याच्याआधी पाण्यात पाय घालायचा नाही. तुझ्या आजोबांची रीत. मी एकदा म्हटलं, "अरे, मोबाईलवर मेसेज येतो धरणाचा." तू म्हणालास, "मेसेज पुण्यातनं येतो, दाजी. पाणी इथनं जातं."

बंधाऱ्यामागं तुंबलेल्या फुगवट्यावर आपण दोन महिने काकडी चालवली. आणि रोज तेच भांडण. समुद्रावर गेल्यावर कवा उतरायचं? मी म्हणायचो, पूर्ण भरतीला. पाणी गाडीपाशी येतं, ओझं वाहायला नको. तू म्हणायचास, "न्हाई. पाणी तळाला जाऊन फिरलं की उतरायचं. जाताना लांब चालावं लागंल, पण येताना पाणीच आपल्याला घराकडं आणतंय. दमल्याव कोण वढणार?" समुद्र तू पाहिला नव्हतास. मीही नव्हता. दोघंही असं भांडायचो जसं काही जन्म किनाऱ्यावर गेला.

वेळ विचारायचं काम माझं होतं. कारखान्यात एक वेल्डर डहाणूकडचा. बुधवारी त्यानं घरी फोन करून सांगितलं, आज सकाळी दहाला भरती. मी डायरीत लिहिलं: दहा. आणि आपण निघालो रविवारी. आता हसू येतं. पण आपल्याकडं पाणी असंच येतं ना? कॅनॉलचं आवर्तन सुटलं की पाळी ठरलेली. थ्री फेज लाइट ठरलेल्या वेळेला. दहा म्हणजे दहा. समुद्राचं पाणी चंद्राच्या मागं जातं, रोज पाऊण-एक तास उशिरा येतं, चार दिवसांत तीन तास सरकतं, हे मला कोण सांगणार? बुधवारचे दहा म्हणजे रविवारचा एक.

आठ वर्षं झाली त्याला. दसरा उरकला होता, दिवाळीचा झेंडू वाफ्यात होता. तुझी पिकअप, वर काकडी बांधलेली, आणि तू गाडीतून उतरल्यावर नुसता उभा राहिलास. "दाजी," म्हणालास, "पल्याडचा काठच न्हाई की हो ह्याला!" मग लहान पोरासारखा पळत सुटलास. मीही. बूट हातात घेऊन दोन बाप्ये ओल्या वाळूत धावतायत. किती सपाट ती वाळू! वर, सुरूच्या झाडांजवळ शेवाळ आणि काटक्यांची एक लांब रेघ होती. ती बघून तूच म्हणालास, "पावसाळ्यात पार हितवर येत असणार." नदीच्या पुराची खूण असते तशी ती आपण वाचली. ती आदल्या दिवशीची होती, बाळू. तिथं पाणी रोज येतं.

दहाला पाच कमी होते. तू पिकअप पार पाण्याच्या कडेला आणून लावलीस, कारण मी सांगितलं होतं की हीच भरती, आता पाणी मागंच जाणार. काठी रोवलीस. तंबाखू मळायच्या आधी जाकिटं काढू म्हणून केबिनकडं गेलास.

आता ते लिहितो, जे कालपर्यंत आठ वर्षं कुणाला सांगितलं नाही.

मी काठीपाशी उभा होतो. पाणी पहिल्या खाचेला लागलं. एक खाच, चार बोटं, एवढ्याशा वेळात. मला कळलं. तुझ्याबरोबर दोन महिने नदीवर बसलो होतो, मला कळणार नाही? पाणी चढत होतं. माझे दहा चुकले होते. आणि मला हेही कळलं की तू परत येऊन ती खाच बघशील आणि म्हणशील, "गाडी वर घेऊ, तासभर बसू, ह्याचा अंदाज घेऊ." सोमवारी मला ड्युटी होती. दोन महिने मी झोपेत वल्हं मारत होतो. आणि तुझ्यापुढं माझं चुकलं, हे मला नको होतं. मी जावई माणूस, शिकलेला, वेळ काढून आणलेला. मी काठी उपसली आणि पिकअपच्या मागच्या ताडपत्रीखाली सारली.

"दाजी, काठी कुठं गेली?"

"लाटेनं नेली वाटतं."

"लाटेनं? म्हंजी पाणी चढतंय का काय?"

"चढत नाही रे. एखादी मोठी आली असेल. दहा वाजून गेले. आता उतरणारच."

तू एकदा पाण्याकडं बघितलंस, एकदा माझ्याकडं. "तुम्ही म्हणताय म्हंजी बरुबर," म्हणालास.

आणि मग आपण उतरलो! देवा, ते उतरणं! काकडीचं तोंड सरळ लाटेकडं धरलेलं, मी पुढं बसलेलो, तू मागनं ढकलत मांडीभर पाण्यात, ओरडतोयस, "आडवी न्हाई होऊ द्यायची! तोंड लाटंकडं!" तीन मोठ्या लाटा जाऊ दिल्यास, मग एक ढकल, तू वर टांग टाकलीस, आणि आपण सुटलो. नाक वर उठलं, आभाळ दिसलं, धाडकन खाली, पुन्हा वर. लाटा फुटायच्या पलीकडं गेल्यावर सगळं एकदम शांत, नुसतं मोठं मोठं हलणं. तू वल्हं आडवं ठेवून म्हणालास, "दाजी, आपण गाढव हाय. एवढी वर्षं नदीवर काय करत व्हतो?" त्या दोन तासांइतका सुखी मी कधी नव्हतो. हे कबूल करताना लाज वाटते, कारण त्या दोन तासांत पाठीमागं पाणी चढत होतं आणि मला ते माहीत होतं. मी वळून बघितलं नाही.

परतलो तेव्हा पिकअपचं नुसतं टप दिसत होतं.

मी घाबरून काकडीतून उडी मारली, लाटेनं तीच काकडी माझ्या कपाळावर हाणली, आणि तू मला कॉलर धरून ओढत बाहेर काढलंस. मासेमारांनी ट्रॅक्टर लावून गाडी खेचली. इंजिनात खारं पाणी. मला सात टाके. परतीच्या वाटेवर उसन्या टेम्पोत तू एवढंच म्हणालास, "दुखतंय का?"

राहूच्या ओट्यावर आप्पा तुला काय बोलले, आठवतं. "नदीकाठचा गडी तू! पाणी चढतंय का उतरतंय, एवढं कळंना व्हय रं तुला?" सुनंदा माझं बांधलेलं कपाळ बघून तुझ्या अंगावर धावून आली. "माझ्या नवऱ्याला मारायला नेलं व्हतंस का?"

"चुकलं, अक्का," तू म्हणालास.

मी तिथंच होतो. हातात चहाचा कप होता, चहावर साय धरली होती, ती मी बोटानं बाजूला करत होतो. तेवढंच मी केलं.

त्या दिवाळीला तुझा झेंडू दुसऱ्यांच्या गाड्यांतून मार्केट यार्डात गेला. तो हंगाम गेला, पुढचा आला, गाडीही दुसरी आली. पण बंधाऱ्यावर कुणी पुन्हा तुला पाण्याचं विचारलं नाही. विचारलं तर असं, "बाळासाहेब, पिकअप कुठं लावू? हितं भरती येती का?" आणि सगळे हसायचे. तू सगळ्यांत मोठ्यानं हसायचास.

सुनंदा त्या भाऊबीजेला राहूला गेली नाही. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. तिला भाऊ होता, चाळीस किलोमीटरवर, नवा शर्ट घालून वाट बघत. आणि ती संध्याकाळी शिक्रापूरच्या गच्चीवर ताट घेऊन उभी राहिली, बीजेच्या कोरीकडं तोंड करून. मी जिन्यात उभा होतो. दोन पायऱ्या चढून सांगायचं होतं. दोन पायऱ्या. पुढच्या साली ती आपली आपण निवळली, आली, ओवाळलं. पण एक भाऊबीज मी तुमच्यातून उचलून नेली ती नेलीच.

तू मला कधी एका शब्दानं छेडलं नाहीस. गेल्या दिवाळीत मात्र, ओट्यावर फराळ करताना, मध्येच म्हणालास, "दाजी, तुमचं चुकलंच बरं का. पाणी चढायला लागलं की उतरायचं असतंय." मी चकली मोडली आणि विचारलं, "यंदा झेंडू काय म्हणतोय?" तू हसलास. आता वाटतं, तू दार उघडून धरलं होतंस. मी बाहेरूनच लावून घेतलं.

मग तू वाफ्यात पाणी सोडायला गेलास आणि परत आला नाहीस. ते इथं लिहीत नाही.

तेराव्यानंतर मांडवाचं सामान ठेवायला आम्ही चाळीत गेलो. वर वाशांना काकडी टांगलेली, पालथी, तिच्यावर धूळ. आप्पा म्हणाले, "भंगारवाल्याला द्या." सुनंदा म्हणाली, "थांबा. तो सारखा म्हणायचा, अक्का, तुला नेतो समुद्राव. हिच्यात मला एकदा बसवा, मग द्या." मी शिडीवर चढलो, दोर सोडले, ती उलटी केली. आणि आत, पोटाशी, सुतळीनं नीट बांधलेली काठी. तांब्याची तार तशीच.  ती गाडीबरोबर बुडाली, वाहून गेली, असं मी आठ वर्षं धरून चाललो होतो.

"ही कुठून आली?" मी तुझ्या बायकोला, मंगलला विचारलं.

"गाडी समुद्राव बुडाली तवाच आणली की त्यांनी. ताडपत्रीखाली सापडली म्हणं. धुऊन ठेवली. कुणाला हात लावू द्यायचे न्हाईत."

ताडपत्रीखाली. म्हणजे ट्रॅक्टरनं गाडी ओढली, तू ताडपत्री उचललीस, आणि तेव्हाच तुला सगळं कळलं. 'दुखतंय का' विचारलंस त्याच्या आधी. 'चुकलं, अक्का' म्हणालास त्याच्या आधी.

शिडीवर उभ्या उभ्याच ठरवलं: सुनंदाला सांगायचं. ती काठी रोवून, पाण्याच्या कडेला सांगायचं. घरात मला जमणार नाही, हे मला माहीत होतं.

मग काय घाई उडाली! दोन संध्याकाळी बंधाऱ्यावर सुनंदाला वल्हं दिलं, तर तिला शिकवायचं काही नव्हतंच. नदीचीच ती. मलाच म्हणाली, "अहो, पाणी कापा, चापट्या काय मारताय?" कारखान्यातल्या दोस्ताची पिकअप आणली. ह्या वेळी भरती-ओहोटीचा अख्ख्या महिन्याचा तक्ता काढून आणला, आणि तरी आदल्या दिवशीच जाऊन पोचलो, दुपारभर वाळूवर बसून पाणी डोळ्यांनी पाहिलं. रेघ कुठं येते ते पाहिलं. पिकअप त्या रेघेच्याही वर, सुरूच्या झाडांत.

काल सकाळी आठला पाणी पार तळाला गेलेलं. बाळू, काय ते दृश्य! हजारभर पावलं नुसती ओली, चकाकणारी वाळू, आणि पार पलीकडं पांढरी किनार. तुझ्या फुलांच्या क्रेटच्या गाड्याची चाकं काढून काकडीखाली बांधली होती. सुनंदा पुढून ओढतेय, मी मागून ढकलतोय. खेकडे बिळात पळतायत. मध्येच थांबून तिनं विचारलं, "तो म्हणायचा ते हेच व्हय? जाताना लांब चालायचं?" "हेच," मी म्हणालो. 

कडेला पोचलो. काठी तिनंच रोवली, सगळा भार देऊन, खोल. तंबाखू नव्हती, म्हणून तिनं पिशवीतून शेंगा काढल्या. दोघं उकिडवे बसून शेंगा सोलत काठीकडं बघत राहिलो. तोंडात दाणा गेला की नाही, ती उडालीच. "चढलं! अहो, चढलं! एक खाच!"

मी उठलो. गुडघाभर पाण्यात काकडी धरली. आणि म्हणालो, "सुनंदा, त्या दिवशी पण एक खाच चढलं होतं."

"कुठल्या दिवशी?"

"गाडी बुडाली त्या दिवशी. काठी मी उपसली. त्यानं बघू नये म्हणून ताडपत्रीखाली लपवली. लाटेनं नेली म्हणून सांगितलं. बाळूचं काही चुकलं नव्हतं."

लाट आली, काकडी हिसकली, मी धरून ठेवली. दुसरी आली. सुनंदा माझ्याकडं बघत होती. तिसरी सगळ्यांत मोठी. ती फुटून आमच्या पायांखालून गेली आणि मग पाणी सपाट झालं.

"बसू का न्हाई?" सुनंदा म्हणाली.

"काय?"

"तीन लाटा गेल्या. आत्ता न्हाई बसले तर पुन्हा तीन येतील. बसू का न्हाई तेवढं सांगा. तुमच्याकडं नंतर बघते."

"बस!"

ती बसली. मी ढकललं, धावलो, टांग टाकली, पाय आत, वल्हं हातात. "आडवी न्हाई होऊ द्यायची!" ती ओरडली. तुझाच आवाज, बाळू, तंतोतंत! आणि समोरून ती लाट, हिरवी, वरचा काठ उन्हात पेटलेला. नाक उठलं. आभाळ. धाडकन! आणि "अहो, खारट हाय!" मी हसत होतो आणि डोळ्यांतून पण खारंच येत होतं. दुसरी लाट कापली. तिसरी उठायच्या आत पार. सुटलो! पलीकडं गेलो! तेच मोठं, शांत हलणं, तेच पल्याडचा काठ नसणं. आठ वर्षं चाळीत पालथी पडलेली काकडी पाण्यावर अशी बसली जशी तिला तिथंच जन्म दिला होता. माझं ठिगळ एक थेंब आत घेत नव्हतं. तुला दाखवायला हवं होतं रे.

सुनंदा पुढं बसलेली. मला तिची फक्त पाठ दिसत होती. खूप वेळ ती नुसतं वल्हं मारत राहिली. मग थांबली. न वळता म्हणाली, "चंद्राला ओवाळलं मी. जित्या भावाला सोडून."

मी वल्हं मांडीवर आडवं घेतलं. 

"त्याला ठाऊक व्हतं?"

"काठी त्यालाच सापडली."

तिनं पुन्हा वल्हं उचललं आणि असं मारलं की काकडी जागच्या जागी उसळली. मग तासभर आम्ही सोबत वल्हवलं, एका लयीत. परत फिरलो तेव्हा पाण्यानंच आणलं. तुझं खरं होतं. शेवटी शेवटी तर वल्हं नुसतं धरून बसलो होतो, लाटा उचलून उचलून पुढं ठेवत होत्या, थेट कोरड्या वाळूच्या जवळ. ते भांडण तू जिंकलास. हे मी तुला चकली मोडण्याच्या आधी सांगायला हवं होतं.

काठी केव्हाच पाण्याखाली गेली होती. मी काकडी गाडीवर चढवायला लागलो, तर सुनंदा वाळूत बसली. "काठी घेतल्याबिगर मी यायची न्हाई."

"अगं, ती संध्याकाळशिवाय दिसणार नाही."

"मग संध्याकाळी जाऊ."

बसलो. दुपारी पाणी पार रेघेपर्यंत आलं, पिकअपच्या चाकांपासून वीस पावलांवर थांबलं, आणि फिरलं. त्या सगळ्या वेळात तिनं मला एकेक गोष्ट विचारली. काठी कुठल्या हातानं उपसली. तो काय म्हणाला. 'बरुबर' म्हणाला का 'बरं' म्हणाला. रागानं एकदा वाळूची मूठ फेकली माझ्यावर. एकदा हसली, 'काठच न्हाई की हो ह्याला' ऐकून. मी सगळं सांगितलं. तिशीत लग्न झाल्यापासून एका दिवसात एवढं बोललो नव्हतो.

सूर्य खाली गेला तेव्हा तिनं फोन काढला, राहूला लावला, आणि माझ्या हातात दिला. "आप्पा हायत. बोला."

मी उभा राहूनच बोललो. आप्पांना एवढंच सांगितलं, की पाणी चढतंय हे बाळूला कळू नये म्हणून काठी मी लपवली, तुम्ही त्याला बोललात तेव्हा मी गप्प बसलो. तिकडून नुसती मोटर चालू असल्याचा आवाज येत होता.

"त्यानं तवा नाव घेतलं असतं तुमचं," आप्पा शेवटी म्हणाले, "तर मी तुम्हाला ह्या दारात येऊ दिलं नसतं, पाव्हणं. आन् मग माझी पोरगी बी आली नसती. म्हणून न्हाई बोलला." मग म्हणाले, "मी लई बोललो त्याला."

"आप्पा..."

"काठी कुठाय?"

मी पाण्याकडं बघितलं. लांब, ओल्या वाळूच्या पलीकडं, उतरत्या पाण्यात तांब्याचा एक ठिपका चमकत होता. सुनंदानंही पाहिला. ती उठून वाळूत उभी होती, चप्पल न घालता, आणि तिच्या डोक्यावर पश्चिमेला बीजेची कोर आली होती. तिनं हात जोडले नाहीत. एकदा कोरीकडं, एकदा काठीकडं बघत राहिली.

"दिसतीय, आप्पा. फक्त टोक वर आलंय. पाणी उतरतंय."

"मग घाई करू नगा," आप्पा म्हणाले. "पुरतं उतरू द्या."

थांबलो, बाळू. एकेक खाच मोजत, सगळं पाणी उतरेपर्यंत आम्ही दोघं थांबलो.